मंत्रचळ आणि गोळी : सर्पगंधेपासून क्लोमिप्रामिनपर्यंत

१/ मुळशीचा इतिहास म्हटला की आपण १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट आणि टाटांचे धरण यांपाशी थांबतो. आजचा धागा मुळशीतून लिहिलेला असला, तरी विषय वेगळा आहे. ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ, या आजारावर औषधाचा उपयोग होतो का? या प्रश्नाच्या उत्तराला इतिहास आहे, आणि त्या इतिहासाची एक वाट मुंबईतल्या परळवरून जाते. 🧵

२/ आधी शब्द पाहू. ‘चळ’ म्हणजे वेड, भ्रम. इंग्रजी संज्ञा येण्याच्या कितीतरी आधी मराठीने ‘मंत्रचळ’ हा शब्द घडवला. आजाराची दोन अंगे आहेत. नको असताना पुन्हा पुन्हा मनात घुसणारा विचार, आणि त्याने उठलेली भीती शमवण्यासाठी पुन्हा पुन्हा करावी लागणारी कृती. हात धुणे, कुलूप तपासणे, मोजणे, मनातल्या मनात जप करणे ही त्याची नेहमीची रूपे.

३/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. पेशवाईतले सोवळे-ओवळे म्हणजे ओसीडी, असे विधान अधूनमधून वाचायला मिळते. ते चूक आहे. सोवळे ही समाजाने मान्य केलेली रीत होती. ती पाळून माणसाला समाधान मिळे, प्रतिष्ठाही मिळे. मंत्रचळात समाधान टिकतच नाही. हात धुऊन झाले की क्षणभराने शंका पुन्हा उभी. शिवाय हे अतिरेकी आहे, हे बहुतेकदा त्या माणसाला स्वतःलाच कळत असते.

४/ फ्रेंच वैद्य एस्किरोल यांनी १८३८ च्या आपल्या ग्रंथात अशाच एका स्त्रीची हकीकत नोंदवली आहे. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडून नकळत आपल्याबरोबर येईल, या भयाने ती पछाडलेली होती. तासन्‌तास झटकणे, पुसणे, तपासणे चाले. आपली भीती निरर्थक आहे हे तिला ठाऊक होते, तरी ती थांबू शकत नव्हती. आजाराचे खरे दुःख नेमके याच ‘तरी’मध्ये आहे.

५/ पुढे १९०९ मध्ये फ्रॉइडने अशा एका रुग्णाचा सविस्तर वृत्तांत छापला. आपल्याकडे याच सुमारास ठाणे (१९०१) आणि येरवडा (१९१५) येथील मनोरुग्णालये उभी राहिली, पण ती प्रामुख्याने उघड वेडसर वागणाऱ्यांसाठी होती. मंत्रचळाचा माणूस नोकरी करतो, संसार करतो आणि त्रास लपवतो. सरकारी दफ्तरांत त्याचा माग लागणे म्हणूनच कठीण. तो बहुधा घराच्या भिंतींआड राहिला.

६/ आता सर्पगंधा. सह्याद्रीच्या दमट जंगलांतही आढळणारे हे लहानसे झुडूप. त्याची मुळी सर्पदंशावर आणि वेडावर देण्याची परंपरा जुनी आहे. १९३१ मध्ये कोलकात्यात सेन आणि बोस या वैद्यकांनी रक्तदाब व वेड यांवरील तिच्या उपयोगाविषयी लेख लिहिला. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील आपले निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले.

७/ १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील सीबा कंपनीने तिच्यातून रेसरपिन वेगळे केले. न्यूयॉर्क राज्यातील एका मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते रुग्णांना देऊन पाहिले. १९५७ च्या लास्कर पुरस्काराच्या मानकऱ्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. मंत्रचळावर मात्र सर्पगंधा औषध ठरली नाही. तिचे ऋण वेगळ्या स्वरूपाचे आहे.

८/ १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी आणि सहकाऱ्यांना आढळले की रेसरपिन दिल्यावर प्राण्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनचा साठा रिता होतो. औषध, मेंदूतील रसायन आणि मनःस्थिती यांची सांगड घालणाऱ्या संशोधनाला यातून मोठी चालना मिळाली. ज्या सेरोटोनिनचे नाव आज ओसीडीच्या प्रत्येक चर्चेत येते, त्याच्या कथेत आपल्या मातीतल्या मुळीचे एक प्रकरण आहे.

९/ त्याच बाझलमधील गायगी कंपनीने नैराश्यासाठी क्लोमिप्रामिन तयार केले. १९६७ मध्ये स्पेनमधील फर्नांदेझ-कोर्दोबा आणि लोपेझ-इबोर यांनी नोंदवले की हे औषध दिल्यावर मंत्रचळाच्या रुग्णांचे विचारही ओसरतात. लक्षात घ्या, हा शोध सिद्धांतातून निघाला नाही. तो खाटेशेजारच्या निरीक्षणातून निघाला. गुण आधी दिसला, कारण नंतर शोधले गेले.

१०/ पण हा गुण औषधाचा की आशेचा? ते ठरवण्यासाठी काही रुग्णांना खरे औषध आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देण्यात आली. मंत्रचळात निष्क्रिय गोळीचा परिणाम फारच थोडा दिसला, क्लोमिप्रामिनचा स्पष्ट दिसला. विशेष म्हणजे, त्याच कुळातले पण सेरोटोनिनवर फारसे काम न करणारे डेसिप्रामिन इथे निष्प्रभ ठरले. १९८९ मध्ये अमेरिकेने ओसीडीसाठी क्लोमिप्रामिनला मान्यता दिली. पाठोपाठ फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन ही सोसायला तुलनेने सोपी औषधे आली.

११/ यावरून ‘सेरोटोनिन कमी पडले म्हणून मंत्रचळ झाला’ असे सिद्ध होते का? नाही. पॅरासिटामॉलने ताप उतरला, म्हणून शरीरात पॅरासिटामॉलची कमतरता होती असे आपण म्हणत नाही. औषध लागू पडणे ही एक गोष्ट, आजाराचे मूळ कळणे ही दुसरी. पहिली हाती आली आहे, दुसरीचा शोध सुरू आहे.

१२/ मग उपयोग होतो किती? ढोबळमानाने निम्म्या रुग्णांना चांगला फरक पडतो. मात्र ‘फरक’ म्हणजे संपूर्ण मुक्ती नव्हे. बहुतेक चाचण्यांत लक्षणे साधारण पाव ते एक तृतीयांशाहून अधिक उतरली, की औषध लागू पडले असे धरतात. दिवसाचे सहा तास खाणारा आजार तीन तासांवर आला, तर बाहेरच्याला तो तसाच दिसेल. त्या माणसाला मात्र रोजचे तीन तास परत मिळालेले असतात.

१३/ दोन अटी विसरू नयेत. पहिली, धीर. परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, आणि मात्रा अनेकदा नैराश्याहून जास्त लागते. दुसरी, सातत्य. १९८८ च्या एका लहान अभ्यासात क्लोमिप्रामिन थांबवल्यावर १८ पैकी १६ जणांची लक्षणे सात आठवड्यांत बळावली. ‘बरे वाटतेय, आता गोळ्या बंद’ हा निर्णय डॉक्टरांशिवाय घेऊ नये, तो याचसाठी.

१४/ औषधाला समांतर दुसरी वाटही त्याच काळात सापडली. १९६६ मध्ये लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांना भीतीच्या वस्तूला सामोरे नेले आणि नंतरची धुण्याची कृती करू दिली नाही. भीती चढली, आणि काही न करता उतरलीही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२२ रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत ही पद्धत सुमारे ६२ टक्के, क्लोमिप्रामिन ४२ टक्के, दोन्ही एकत्र ७० टक्के आणि निष्क्रिय गोळी ८ टक्के रुग्णांना लागू पडली.

१५/ म्हणजे ‘औषध की मनोबल?’ हा वादच चुकीचा मांडला जातो. ही पद्धत म्हणजे केवळ मनोबल नव्हे. ते तज्ज्ञाच्या हाताखाली, पायरीपायरीने घेतलेले शिक्षण आहे. आणि जिथे असा तज्ज्ञ सहज मिळत नाही, किंवा भीती इतकी तीव्र आहे की पहिली पायरीच चढवत नाही, तिथे गोळी हाच अनेकांचा पहिला आधार ठरतो.

१६/ मुळशीच्या एका टोकाला हिंजवडीची संगणकनगरी, दुसऱ्या टोकाला ताम्हिणीच्या वाड्यावस्त्या. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के, म्हणजे सव्वाशे प्रौढांमागे एक. दोन्ही टोकांना अशी माणसे असणारच. एकीकडे त्याला ‘परफेक्शन’ म्हणतात, दुसरीकडे ‘बाहेरचे काहीतरी’ किंवा ‘सोवळे फार कडक’. नाव चुकले की उपचारालाही उशीर होतो.

१७/ २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणे हा हक्क ठरवला. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. एस्किरोलच्या त्या स्त्रीला सर्व काही कळत होते, पण देण्याजोगे औषध तेव्हा कोणापाशी नव्हते. आज ते आहे. अपुरे आहे, सर्वांना लागू पडत नाही, पण आहे. घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर ‘सवय लागेल’ म्हणून ती हिसकावू नका. एवढे झाले तरी हा धागा लिहिल्याचे सार्थक होईल.