चहात भिजवलेली हॅट

जुनी लष्करी सोला हॅट हाती आली की जाणता संग्राहक ती आधी उलटी करतो. वरचं पांढरं कापड धुता येतं, रंगवता येतं. आतल्या घामपट्टीला मात्र सहसा कुणी हात लावत नाही. घामानं काळवंडलेलं चामडं, शिवणाऱ्या दुकानाचा शिक्का, शाईनं लिहिलेलं एखादं आडनाव, हिंदुस्थान सरकारचा माल असेल तर बाण आणि त्याच्याशेजारी इंग्रजी ‘आय’. किंमत ठरते ती इथे. पट्टी आणि टोपी यांच्यात बुचाचे तुकडे लावून फट ठेवलेली असते. तिथून शिरलेली हवा डोक्यावरून फिरून शेंड्यावरच्या बोंडातून बाहेर पडावी, अशी योजना.

नावातला ‘सोला’ सूर्याचा नव्हे. बंगालच्या पाणथळ जागी वाढणाऱ्या शोला या झाडाचा पांढरा, भेंडासारखा हलका गाभा कापून, एकावर एक चिकटवून ही टोपी बनत असे. इंग्रजांच्या कानानं त्याचं ‘सोलर’ करून टाकलं. बंगाली नवरदेवाचा टोपर आजही याच गाभ्याचा असतो, म्हणजे एकाच रोपातून लग्न आणि लष्कर दोन्हींची सोय! गाभा वजनाला हलका खरा, पण पावसात फुगतो आणि किड्यांना आवडतो. ब्रिटिश लष्करानं म्हणून जास्त भरवसा बुचावर ठेवला. 1877 साली मंजूर झालेलं परदेशी मोहिमांचं पांढरं हेल्मेट बुचाचंच होतं. त्याभोवती गुंडाळायच्या कापडी पट्ट्याला गोरे शिपाई ‘पगरी’ म्हणत. आपली पगडीच ती!

पांढरा रंग परेडला शोभतो, रणांगणावर नेम धरायला सोपा जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या 1879 च्या झुलू युद्धात गोऱ्या शिपायांनी पुढचे चकचकीत बिल्ले काढले आणि हेल्मेटं चहात, कॉफीत, नाहीतर सरळ चिखलात रंगवली. 1964 च्या ‘झुलू’ चित्रपटात मात्र ती शुभ्र दिसतात.

या सगळ्यामागे एक भीती होती: उष्ण कटिबंधातल्या सूर्याचे किरण गोऱ्या माणसाच्या कवटीतून आत शिरून मेंदू बिघडवतात. कुणी पाठीच्या कण्यावर कापडाची गादी बांधे. अमेरिकी लष्करानं तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिलिपीन्समध्ये सैनिकांना नारिंगी-लाल अंतर्वस्त्रं घालून पाहिली. फायदा शून्य, उकाडा मात्र वाढला. त्याच उन्हात हिंदी शिपाई पागोटं बांधून लढत होता, शेतकरी नांगरत होता. पण हा पुरावा फारसा कुणी मनावर घेतला नाही. मराठी कागदपत्रांत युरोपीय लोकांना ‘टोपीकर’ म्हणत, ते सोला हॅटच्या कितीतरी आधीपासून. टोपी बदलली, नाव चिकटून राहिलं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात कापडी हॅट चालू शकते हे दिसलं आणि सोला हॅटचा दरारा ओसरला. मायदेशी निघालेले साहेब जहाजावरून ती समुद्रात भिरकावू लागले. पूर्वी हिंदुस्थानात येताना हेच लोक वाटेवरच्या पोर्ट सैद बंदरात सायमन आर्झ्टच्या दुकानात ती हौसेनं विकत घेत.

आता बाजारात नव्या नकला भरपूर आहेत. जुन्या युद्धांचे प्रसंग उभे करणारी हौशी मंडळी त्या पुन्हा चहात बुडवतात. त्यांतलीच एखादी पुढे ‘अस्सल’ म्हणून विकायला येते. अशा वेळी पगरीची घडी हलकेच उचलून पाहावी. वर्षानुवर्षं ऊन खाल्लेल्या कापडाचा रंग घडीखाली वेगळा असतो. कालपरवा चहात बुडवलेल्याचा वरखाली सारखाच.