उकळी फुटल्यावर जाळ जातो कुठे?



मी लग्न होऊन सासरी आले तेव्हा घरात चूल होती. डाळीला उकळी फुटली, की सासूबाई यायच्या आणि चुलीतली दोन लाकडं मागे ओढायच्या. मला राग यायचा. वाटायचं, काय हा चिकटपणा! जाळ मोठा असला तर डाळ लवकर शिजेल, हे साधं यांना कळत नाही? त्या म्हणायच्या, "अगं, उकळतंय ना? मग उकळत्याला आणखी काय उकळवणार?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. ते खरं का, हे ज्या माणसाने मोजून दाखवलं त्याची आज गोष्ट. गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची आहे, स्कॉटलंड देशातल्या ग्लासगो शहरातली.

पाण्याची तीन रूपं आपण रोज बघतो. बर्फ घन, पाणी द्रव आणि वाफ म्हणजे वायू. त्या काळच्या विद्वानांना वाटायचं, की बर्फ वितळायच्या बेताला आला, की आणखी जराशी ऊब पुरे, सगळ्याचं पाणी होईल. ग्लासगोच्या विद्यापीठात जोसेफ ब्लॅक नावाचे प्राध्यापक होते. ते वैद्यक आणि रसायनशास्त्र शिकवत. त्यांना हे पटेना. त्यांच्या थंड देशात हिवाळा सरला, ऊन पडलं, तरी बर्फाचे ढीग किती तरी दिवस टिकत. विद्वानांचं खरं असतं, तर सगळा बर्फ एकदम वितळून महापूर आले असते, गावं वाहून गेली असती. तसं तर होत नव्हतं.

मग 1761-62 च्या सुमारास ब्लॅक यांनी दोन सारखी काचेची भांडी घेतली. एकात बर्फ, दुसऱ्यात तेवढंच, बर्फासारखं गार पाणी. दोन्ही एका मोठ्या दालनात टांगून ठेवली. पाणी अर्ध्या तासात थोडं तापलं. बर्फाला वितळून तेवढंच तापायला लागले साडेदहा तास! हवा तीच, ऊब तीच. मग इतके तास ती ऊब गेली कुठे?

दुसरा प्रयोग तर स्वयंपाकघरातलाच वाटावा असा. खाली निखारे असलेल्या लालबुंद लोखंडी पत्र्यावर त्यांनी पाण्याचं भांडं ठेवलं. चार मिनिटांत पाणी उकळायला लागलं. सगळं पाणी आटायला मात्र वीस मिनिटं लागली. आणि उकळी फुटल्यापासून शेवटपर्यंत पाणी होतं तेवढंच तापलेलं राहिलं. थर्मामीटरचा पारा हलला नाही.

ब्लॅक यांनी उलगडा केला तो असा: ही उष्णता पाणी जास्त तापवत नाही, ती त्याचं रूप पालटण्यात खर्च होते. बर्फाचं पाणी करायला आणि पाण्याची वाफ करायला ती आत शिरते आणि लपून बसते. शाळेच्या पुस्तकात तिला 'अप्रकट उष्मा' म्हणतात. आणि ती थोडीथोडकी नसते. बर्फासारखं गार पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटींहून जास्त त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते.

ब्लॅक यांनी हे विद्यार्थ्यांना शिकवलं, पण स्वतः पुस्तक छापलं नाही. त्यांची व्याख्यानं छापली गेली ती त्यांच्या मृत्यूनंतर, 1803 साली. त्याच विद्यापीठात यंत्रं दुरुस्त करणारा एक कारागीर होता, जेम्स वॅट. वाफ आपल्या वजनाच्या सहापट पाण्याला उकळीपर्यंत तापवते, हे पाहून तो चक्रावला. ब्लॅक यांनी त्याला त्यामागचं कारण सांगितलं. जुन्या वाफेच्या यंत्रात ही उष्णता वाया जात होती. वॅटने ती वाचवणारी रचना काढली आणि 1769 मध्ये तिचं पेटंट घेतलं. पुढे वाफेची इंजिनं सुधारत गेली आणि 16 एप्रिल 1853 रोजी मुंबईहून ठाण्याला आपल्याकडची पहिली प्रवासी आगगाडी धावली.

आता आपल्या चुलीकडे येऊ. उकळी फुटल्यावर मोठा ठेवलेला जाळ डाळ लवकर शिजवत नाही, नुसती वाफ हवेत सोडतो. म्हणून उकळी आली की जाळ कमी करा, वर झाकण ठेवा. कुकरची शिटी झाली की गॅस बारीक करा. भाजीवरच्या ताटात आपण पाणी ठेवतो ना? त्या ताटाला लागून वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि ते भाजीतच पडतं. वर ताटातलं पाणीही तापतं. लपलेली उष्णता अशी परत मिळते.

पण हीच उष्णता घातही करते. वाफ हातावर आली, की तिचं पाणी होताना सगळी लपलेली उष्णता कातडीत उतरते. म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षाही वाईट. झाकण उघडताना ते आपल्यापासून पलीकडच्या बाजूने उचला. भाजलंच, तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली हात धरा.

सासूबाईंनी ब्लॅक हे नाव कधी ऐकलं नव्हतं. पण मोळी डोक्यावरून आणायच्या त्याच, आणि चुलीचा धूरही त्यांच्याच डोळ्यांत जायचा. एकेका लाकडाची किंमत त्यांना ठाऊक होती. मी त्याला चिकटपणा म्हणत होते.

या आठवड्यात एक करून बघा. एक दिवस मोठ्या जाळावर आणि एक दिवस उकळीनंतर बारीक जाळावर, झाकण ठेवून, तेवढीच डाळ शिजवा. किती वेळ लागला, किती लाकडं लागली, ते लिहून ठेवा आणि गटाच्या बैठकीत सांगा. ब्लॅक यांनीही एवढंच केलं होतं: बघितलं आणि मोजलं.