हरवलेले एक छायाचित्र आणि चुकलेली वेळ

१/ इतिहासाच्या अभ्यासकाच्या हातून एखादे पत्र हरवले, तर पुराव्यात एक पोकळी राहते. पण पत्र हाती असून त्यावरील तारीखच चुकीची असेल, तर घटनांचा सारा क्रम बिघडतो. २२ मे २०२१ रोजी मंगळावर उडणाऱ्या एका यंत्रावर नेमका असा प्रसंग गुदरला. त्याची ही हकीकत.

२/ ते यंत्र म्हणजे ‘नासा’चे ‘इंजेन्युइटी’ हे अवघ्या १.८ किलोचे हेलिकॉप्टर. १९ एप्रिल २०२१ रोजी जेझेरो विवरात त्याने ३९ सेकंदांचे पहिले उड्डाण केले. पृथ्वीवरून निघालेला संदेश मंगळावर पोहोचायला कित्येक मिनिटे लागतात. त्यामुळे हवेतील प्रत्येक निर्णय त्याला स्वतःच घ्यावा लागे.

३/ वेळेने पहिली परीक्षा घेतली ती उड्डाणाआधीच. ९ एप्रिलच्या चाचणीत यंत्रणेवर पहारा ठेवणाऱ्या ‘वॉचडॉग टायमर’ची मुदत संपली आणि पाती पूर्ण वेगाने फिरण्याआधीच चाचणी थांबली. आज्ञांच्या क्रमात बदल करून काम निभावले. मात्र हा उपाय सुमारे ८५ टक्के वेळाच लागू पडेल, असा अंदाज होता. २९ एप्रिलला हेलिकॉप्टर जागचे हललेच नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ते उडाले.

४/ आता खरा प्रश्न : मंगळावर जीपीएस नाही, मग आपण कोठे आहोत, हे हेलिकॉप्टरला कळे कसे? त्यावरील संवेदक वेग व कल यांतील बदल मोजत आणि त्यावरून संगणक आपले स्थान ताडत असे. परंतु अशा अंदाजांत बारीक चुका साचत जातात.

५/ त्या चुका सुधारण्यासाठी खाली रोखलेला कॅमेरा दर सेकंदाला ३० कृष्णधवल छायाचित्रे टिपी. प्रत्येकावर ते घेतल्याच्या वेळेची नोंद, म्हणजे ‘टाइमस्टॅम्प’, असे. ‘त्या क्षणी जमीन कशी दिसायला हवी होती आणि प्रत्यक्षात कशी दिसली’, हे ताडून संगणक आपला अंदाज दुरुस्त करी.

६/ सहाव्या उड्डाणात हेलिकॉप्टर १० मीटर उंचीवरून सेकंदाला ४ मीटर वेगाने निघाले होते. सुमारे ५४व्या सेकंदाला छायाचित्रांच्या प्रवाहात खंड पडून एक छायाचित्र गहाळ झाले. तेवढ्याने काही बिघडले नसते. पण त्यानंतरच्या प्रत्येक छायाचित्रावर चुकीची वेळ पडू लागली.

७/ सेकंदाचा तिसावा भाग ही नगण्य चूक वाटेल. पण त्या वेगाने तेवढ्यात हेलिकॉप्टर सुमारे १३ सेंटीमीटर पुढे सरकते! संगणक अस्तित्वात नसलेल्या चुका पुनःपुन्हा सुधारू लागला. यंत्र हेलकावे खाऊ लागले. त्याचा कल २० अंशांहूनही अधिक होऊ लागला.

८/ तरीही ते ठरलेल्या जागेपासून सुमारे ५ मीटरच्या आत सुखरूप उतरले. कारणे दोन. वेळेच्या चुकांसह बऱ्याच चुका सोसूनही तोल सांभाळता यावा, अशी सवड रचनाकारांनी आधीच ठेवली होती. शिवाय उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यात छायाचित्रांवर विसंबायचेच नाही, असेही ठरले होते. त्यामुळे शेवटी चुकीच्या नोंदींचा प्रभाव आपोआप सुटला.

९/ उड्डाणाची माहिती पृथ्वीवर आल्यावर अभियंत्यांनी नोंदी तपासून दोषाचा माग काढला. पुढील दोन उड्डाणांत रंगीत कॅमेरा बंद ठेवून प्रवाहावरील भार कमी केला आणि मग सॉफ्टवेअर सुधारले. ५ जुलैच्या नवव्या उड्डाणात हेलिकॉप्टरने ६२५ मीटर अंतर कापले. रंगीत छायाचित्रेही घेतली.

१०/ पाच उड्डाणांसाठी पाठवलेल्या या यंत्राने जानेवारी २०२४ पर्यंत ७२ उड्डाणे केली. आपण एखादा कागद हाती घेतो, तेव्हा त्यात काय लिहिले आहे याआधी तो केव्हाचा आहे, हे विचारतो. यंत्राच्या नोंदी तपासणाऱ्यालाही पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो.