गारवेल : कुंपणावरचा इतिहास

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली (हा योग तसा दुर्मिळच!), तर विठ्ठलवाडी सुटल्यावर रुळांलगतच्या कुंपणांकडे जरा लक्ष द्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात जाळीवर, पडक्या भिंतीवर, विजेच्या खांबाच्या तणाव्यावर एक वेल चढलेली दिसते. तळहाताला पाच बोटं असावीत तशी पानं आणि कर्ण्याच्या आकाराची जांभळट-गुलाबी फुलं. सकाळी टवटवीत, दुपारी मिटलेली. ही गारवेल. इंग्रजीत हिला चक्क 'रेल्वे क्रीपर' म्हणतात.

गंमत म्हणजे हिच्या शास्त्रीय नावात मात्र कैरो शहर आहे. लिनियसने १७५९ साली तिला कैरोवरून नाव दिलं, आणि पुढे १८२६ मध्ये ती 'आयपोमिया' कुळात गेली. तेव्हा आपल्याकडे आगगाडी यायला अजून सत्तावीस वर्षं होती. १८५३ला मुंबई-ठाणे, १८५४ला कल्याण आणि १८५६ला तोच फाटा पुढे खोपोलीपर्यंत गेला. रुळांसाठी जमीन मोकळी झाली, भराव पडले, कुंपणं उभी राहिली. उघडी जमीन, भरपूर ऊन आणि चढायला काहीतरी आधार... गारवेलीला आणखी काय हवं? नाईलकाठचं नाव घेतलेली वेल अशी रेल्वेची होऊन बसली.

मग ही वेल आपली की परकी? प्रश्न सोपा वाटतो, पण हिच्या भावंडांकडे पाहिलं की उत्तर अवघड होतं.

अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातल्या तिथल्या शिलालेखात शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० हे वर्ष आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी जत्रा भरते, आणि त्या दिवशी घरोघरी रताळी उकडतात. रताळं हे गारवेलीच्याच कुळातलं, पण मूळचं अमेरिकेतलं. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात ते भारतात आलं. म्हणजे मंदिर घडवणाऱ्या पाथरवटांनी शिवरात्रीला रताळं खाल्लेलं असणं शक्यच नाही! आज मात्र उपासाला चालणाऱ्या पदार्थांत ते इतकं मुरलंय की त्याला कुणी गाव विचारत नाही. तीच गोष्ट गणेशवेलीची. नाजूक पानांची, लालचुटुक चांदण्यांची ही वेलही अमेरिकेतलीच. पण आपण तिला थेट गणपतीचं नाव देऊन टाकलं.

आणि माणसांचं तरी काय वेगळं? दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबं राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कोनशिला बसवली आणि 'कल्याण कॅम्प'चं उल्हासनगर झालं. नाव दिलं ते इथल्याच उल्हास नदीचं. 'आपलं' होण्याची सुरुवात बहुधा नाव मिळण्यापासूनच होत असावी.

अर्थात सगळंच गोड नाही. हीच गारवेल ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण चीनमध्ये झाडंझुडपं झाकोळून टाकणारं तण ठरली आहे. शेवटी वेल कुठून आली यापेक्षा ती शेजाऱ्याला जगू देते का, हे पाहायला हवं.

हे आत्ताच सांगायचं कारण म्हणजे कल्याण-बदलापूर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. रूळ वाढायलाच हवेत, रोजच्या गर्दीत लोंबकळणाऱ्यांना विचारा. पण रूळ वाढले की जुनी कुंपणं हटणार, आणि कुंपणावरच्या वेलीची नोंद कोण ठेवतो?

म्हणून ज्यांना हौस आहे त्यांनी घरी लावावी. रुळांवर मात्र उतरू नका, गल्लीबोळांतही ती भरपूर आहे. जूनमध्ये तीन-चार पेरांचा जून फाटा घ्यायचा, खालची पानं काढून दोन पेरं मातीत पुरायची. पेरापेरांतून मुळं फुटत असल्याने ती सहज जगते. बी मिळालंच तर त्याचं कवच कठीण असतं. सँडपेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात भिजवा. (बिया मुलांच्या आणि जनावरांच्या तोंडात जाऊ देऊ नका.) कुंडी मोठी, ऊन भरपूर आणि चढायला सुतळी एवढं पुरे. खत बेताचंच द्या, नाहीतर नुसती पानंच माजतात. पावसाळा संपला की निर्दयपणे छाटा. नदीकाठी, रानात किंवा झाडाच्या बुंध्याशी मात्र लावू नका, आणि छाटलेले तुकडे ओल्या मातीवर टाकू नका. ते तिथेच रुजतात.

आणि फुलं बघायची तर सकाळी लवकर उठावं लागेल. ६.५०ची लोकल पकडणाऱ्यांना त्याची सवय आहेच म्हणा!