पूर्वजांचा शोध : घरातील कथा आणि दप्तरातील नोंद

अमेरिकेतील इंग्रज वसाहतीत स्थायिक झालेल्या पूर्वजाचा माग काढताना घरात चालत आलेली कथा आणि दप्तरातील नोंद यांचा मेळ बसतोच असे नाही. जॉन हाउलँड यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १६२० मध्ये ते जॉन कार्व्हर यांचे सेवक म्हणून ‘मेफ्लॉवर’ जहाजातून निघाले. वादळात ते समुद्रात फेकले गेले. मात्र शिडाची लोंबती दोरी हाती लागल्याने बचावले. कार्व्हर पुढे प्लिमथ वसाहतीचे गव्हर्नर झाले.

हाउलँड यांची पत्नी एलिझाबेथ ही कार्व्हर यांच्याच कुळातील, अशी समजूत वंशजांमध्ये दीर्घकाळ रूढ होती. कार्व्हर यांच्यानंतरचे गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड यांच्या हस्तलिखिताने ती खोटी ठरवली. अमेरिकन क्रांतीच्या काळात बोस्टनमधून नाहीसे झालेले हे हस्तलिखित १८५५ मध्ये लंडनच्या बिशपांच्या ग्रंथालयात आढळले. त्यातील प्रवाशांच्या नोंदींनुसार एलिझाबेथ ही जॉन टिली यांची कन्या होती. इंग्लंडमधील हेन्लो येथील चर्चच्या नोंदवहीत तिच्या १६०७ मधील बाप्तिस्म्याचा उल्लेख सापडतो.

हाउलँड यांच्या १६७२ मधील मृत्युपत्रात पत्नी व मुलांची नावे आहेत; परंतु पत्नीचे माहेर मृत्युपत्रातून कळत नाही. त्यामुळे एकाच कागदावर विसंबून न राहता अनेक नोंदी ताडून पाहणे आवश्यक ठरते. पहिल्याच हिवाळ्यात आईवडिलांना पारख्या झालेल्या एलिझाबेथला तिचे खरे माहेर अशा नोंदींमुळेच परत मिळाले.