नालीतला डास आणि ड्रममधला डास

धामणगाव बढे असो की विदर्भातल्या मोताळा तालुक्यातलं दुसरं कोणतंही गाव, डासांची दोन कुळं तिथे शेजारी नांदतात. नालीच्या घाण पाण्यात क्युलेक्स वाढतो. रात्री कानाशी गुणगुणतो तो हाच, आणि हत्तीरोगही हाच पसरवतो. वापरायच्या पाण्याच्या ड्रममध्ये, रांजणात, कूलरच्या टाकीत एडिस इजिप्ती वाढतो. पायांवर पांढरे पट्टे, चावायची वेळ दिवसाची. डेंग्यू आणि चिकुनगुन्या ही याची देणगी. या दोघांतला एक फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. क्युलेक्सच्या पेशींत वोल्बाकिया नावाचा जिवाणू पिढ्यान् पिढ्या बिऱ्हाड करून असतो, एडिस इजिप्तीत तो सहसा नसतो. ज्याच्यात नाही त्याच्यात तो आणायचा, आणि त्याच्याकरवी रोगाची वाट अडवायची, असं एक तंत्र आहे.

मार्शल हर्टिग आणि बर्ट वोल्बाक या अमेरिकी संशोधकांनी 1924 साली क्युलेक्सच्या शरीरात हा जिवाणू पाहिला. 1936 मध्ये हर्टिगने त्याला आपल्या सहकाऱ्याचं नाव दिलं. माणसाला त्याच्यापासून आजार होत नव्हता, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही.

दुसरा धागा जर्मनीत सुरू झाला. क्युलेक्सची मादी शे-दोनशे अंडी एकमेकांना उभी चिकटवून त्यांचा तराफा पाण्यावर सोडते. काजळीच्या कणाएवढा हा तराफा, त्यातून एरवी दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात. हान्स लावेन या संशोधकाच्या प्रयोगशाळेत मात्र एका प्रदेशातला नर आणि दुसऱ्या प्रदेशातली मादी यांच्या काही जोड्यांची अंडी फुटतच नव्हती. लावेनने याचाच उपयोग करायचं ठरवलं. ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओक्पो गावात असे न जुळणारे नर रोज सोडले गेले आणि काही आठवड्यांत तिथली क्युलेक्सची पैदास जवळजवळ थांबली. हा प्रयोग 1967 मध्ये प्रसिद्ध झाला. कारण मात्र 1971 मध्ये कळलं. येन आणि बार या संशोधकांनी डासांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन वोल्बाकिया मारला, तेव्हा नर-मादीतला बेबनावही मिटला. नर वोल्बाकियावाला आणि मादी बिनवोल्बाकियाची असेल, किंवा दोघांतले वोल्बाकिया न जुळणारे असतील, तर अंडी वाया जातात. मादी वोल्बाकियावाली असेल आणि नर बिनवोल्बाकियाचा किंवा त्याच वाणाचा असेल, तर अंडी फुटतात आणि जिवाणू आईकडून पुढच्या पिढीत उतरतो.

त्या सुमारास भारतात हीच वाट धरली गेली होती. जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं संयुक्त केंद्र दिल्लीत काम करत होतं आणि दिल्लीच्या आसपासच्या गावांत क्युलेक्सचे नर सोडले जात होते. पैसा अमेरिकी, सल्लागार परदेशी, त्यात पीतज्वर वाहू शकणाऱ्या एडिसचाही अभ्यास. ही जैविक युद्धाची तयारी तर नाही ना, असा सवाल वृत्तपत्रांनी केला. प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं. सोनीपतला एडिस सोडायचं ठरलं होतं, ते बारगळलं आणि 1975 मध्ये केंद्रच बंद पडलं. योगायोग असा की, त्याच वर्षी पाँडिचेरीत कीटकजन्य रोगांचं संशोधन केंद्र सुरू झालं.

डासातले जिवाणू विषाणूवर परिणाम करतात का, हा प्रश्न इकडेही विचारला जात होता. महाराष्ट्रात 1973 साली बार्शीत चिकुनगुन्याची साथ आली होती, 2006 मध्ये तर सांधे धरलेली माणसं गावोगाव दिसली. या दोन साथींच्या मधल्या काळात पुण्यातले संशोधक डासाच्या आतड्यात डोकावत होते. चावलेल्या माणसाच्या रक्ताबरोबर विषाणू आधी तिथेच पोचतो, आणि तिथे त्याची गाठ आधीच वस्तीला असलेल्या जिवाणूंशी पडते. राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्युलेक्सच्या आतड्यातल्या जिवाणूंची नोंद केली, 2002 मध्ये त्यातल्या एकाला नवी जात म्हणून नावही दिलं. पुढे ती जुन्याच एका जातीत जमा झाली. याच जिवाणूंमुळे एडिसमध्ये डेंग्यूचा विषाणू कमी-जास्त फोफावतो का, हे राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या साथीने तपासलं गेलं.

वोल्बाकियाच्या तंत्राला आजचं रूप आलं ते ऑस्ट्रेलियात. फळमाशीत वोल्बाकिया असला की विषाणूंचा जोर ओसरतो, हे 2008 मध्ये दिसलं. पुढच्याच वर्षी स्कॉट ओनील यांच्या गटाने एडिसमध्येही डेंग्यू आणि चिकुनगुन्याचे विषाणू तसेच दबतात, हे दाखवलं. त्यासाठी डासाच्या ताज्या अंड्यांत बारीक सुईने जिवाणू टोचावा लागतो. एकदा टिकला की पुढचं काम आईच करते. 2011 मध्ये केर्न्सजवळ असे डास सोडले. इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात लोकांच्या अंगणांत अंड्यांच्या बादल्या ठेवल्या गेल्या. 2021 मध्ये निष्कर्ष आला: डेंग्यू 77 टक्क्यांनी कमी, त्यासाठी दवाखान्यात भरती होणं 86 टक्क्यांनी कमी.

पाँडिचेरीच्या केंद्राने ऑस्ट्रेलियाहून अंडी आणली, स्थानिक एडिसशी संकर केला आणि जुलै 2022 मध्ये दोन वाण जाहीर केले. एकात फळमाशीचा वोल्बाकिया आहे, दुसऱ्यात एडिस अल्बोपिक्टस या एडिसच्याच दुसऱ्या जातीचा. हा फरक विदर्भासाठी महत्त्वाचा आहे. अळ्यांचं पाणी फार तापलं की फळमाशीचा वोल्बाकिया रोडावतो, दुसरा त्यापेक्षा काटक आहे. इथे मे महिन्यात उन्हातला ड्रम हात लावू देत नाही, त्यामुळे वाण निवडताना आधी हे पाहावं लागेल.

हे तंत्र डास संपवत नाही, बदलतं. चावणाऱ्या माद्याही सोडाव्या लागतात आणि काही महिने डास वाढल्यासारखे वाटतात. इतकी वर्षं आरोग्य सेवकांनी भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायला सांगितलं, एडिसची अंडी काठाला चिकटून सुकली तरी तगतात म्हणून ड्रम घासायला लावला. उद्या त्यांनाच सांगावं लागेल की हे डास राहू द्या. सोनीपतला जे अडलं, ते इथेही अडू शकतं. म्हणून डास कोणी आणले, पैसा कोणाचा आणि त्रास झाला तर जबाबदार कोण, याची उत्तरं पहिली बादली ठेवण्याआधी ग्रामसभेत मिळायला हवीत.