बँकेतला नाटकवाला आणि वस्तीतली पोरं

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. आमच्या बेलापूरच्या सेक्टर आठमध्ये मुलांचं नाट्यशिबिर होतं. दहा दिवस, फी भरून. भाचीला सोडायला मी रोज जायचो (वर्क फ्रॉम होमचे फायदे!). आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी खिडकीच्या गजाला धरून आत बघत उभी असायची. चौथ्या दिवशी तिला सगळ्यांचे संवाद पाठ होते, भाचीचे तर भाचीपेक्षा चांगले. "तिला घ्या ना," असं मी आयोजकांना विचारलं. उत्तर काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. आपल्याकडे मुलांचं नाटक नक्की कोणासाठी सुरू झालं?

तर मंडळी, थोडं मागे जाऊ. १९५९ साल. सुधा करमरकर अमेरिकेत बालरंगभूमीचा अभ्यास करून परत आल्या होत्या. गिरगावातल्या मुंबई मराठी साहित्य संघाच्या आधाराने त्यांनी 'लिटल थिएटर' सुरू केलं. पहिलं नाटक 'मधुमंजिरी', आणि लेखक कोण, तर विशीतला रत्नाकर मतकरी. मुलांसाठी म्हणून काहीतरी साधंसुधं उरकायचं नाही, मोठ्यांच्या नाटकाइतकंच नीट करायचं, हा बाईंचा आग्रह. हे तेव्हा नवीन होतं.

मतकरींनी १९६२ मध्ये स्वतःची 'बालनाट्य' ही संस्था काढली. आता आपल्या जमातीने कान टवकारावेत असा मुद्दा. हा माणूस तेव्हा बँक ऑफ इंडियात नोकरी करत होता! १९७८ पर्यंत करत होता. म्हणजे दिवसा बँक आणि उरलेल्या वेळात चेटकिणी, राक्षस, 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस'. आणि आपण एक रिलीज संपला की आठवडाभर थकलेले असतो. असो.

'अलबत्या गलबत्या' २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा वाशीच्या भावे नाट्यगृहात मी भाचीच्या निमित्ताने ते पाहून आलो. धमाल आली. पण तिकीट काढून येणारी सगळी आपल्यासारखीच घरं होती, हे तेव्हा जाणवलंसुद्धा नाही.

मतकरींना ते जाणवलं असावं. नर्मदा आंदोलनाच्या बाजूने उभा राहिलेला माणूस तो. २०१४ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीत, त्यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सोबतीने 'वंचितांचा रंगमंच' उभा केला. त्याचा महोत्सव म्हणजे 'नाट्यजल्लोष'. ही संस्था आधीपासूनच ठाण्यातल्या गरीब वस्त्यांमधल्या मुलांबरोबर काम करत होती, त्यामुळे पोरं गोळा करण्यापासून सुरुवात नव्हती. खरी गंमत पुढे आहे. मुलांच्या हातात तयार संहिता द्यायचीच नाही! विषय त्यांनीच शोधायचा, नाटिका त्यांनीच रचायची, बसवायची आणि करायची. जाणकार रंगकर्मी मार्गदर्शन करणार, पण गोष्ट वस्तीतलीच. ज्याने आयुष्यभर मुलांसाठी गोष्टी लिहिल्या, तोच म्हणाला की आता तुम्ही सांगा, मी बघतो. मला हे त्यांच्या सगळ्या चेटकिणींपेक्षा मोठं वाटतं. (चेटकीणप्रेमींनी रागावू नये.)

सुधाताई २०१८ मध्ये गेल्या, मतकरी १७ मे २०२० ला कोरोनाने गेले. ठाण्यातला उपक्रम त्यांच्यानंतरही चालू राहिला.

आमच्या शेजारी चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात बांधलेलं आर्टिस्ट व्हिलेज आहे. सात-सात घरांच्या मधे एकेक मोकळं अंगण. नावात आर्टिस्ट, राहणारे बहुतेक नोकरदार. पण अंगणं आहेत, आणि अंगणाला तिकीट नसतं. आम्ही तिघं मित्र रविवारी संध्याकाळी तिथे मुलं जमवतोय. पहिल्या रविवारी मी हौसेने एक छोटं नाटुकलं टाईप करून, प्रिंट काढून नेलं होतं. मावशींच्या मुलीने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "दादा, यात पाण्याच्या टँकरवरचं भांडण का नाही?"

प्रिंट घडी करून खिशात ठेवली. सध्या टँकरचा ड्रायव्हर कोणी व्हायचं यावर तिथे रोज भांडण चालू आहे.